तान्दाईचा सत्कार

माझ्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाल्याची बातमी दोन देशांत मीच पसरवली, आणि ती बातमी नेमकी काय होती हे सगळ्यांत शेवटी मला कळलं.

आम्ही सतरा वर्षं जपानमधल्या उरायासूत राहतो. या सतरा वर्षांत मी जपानी शिकायला सहा वेळा सुरुवात केली आहे. (शेवट एकदाही केलेला नाही.) ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं, ऑफिसातली भांडणं हिंदीत आणि पुण्याच्या टीमची समजूत मराठीत. स्टेशन, कोन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला कॉफीवाला काउंटर आणि कुठल्या वारी कुठला कचरा, एवढं जपानी मला व्यवस्थित येतं. उरलेला सगळा जपान मी "हाई, हाई" म्हणत आणि मान डोलावत पार पाडलाय. माझी बायको स्मिता इथल्या एका मालवाहतूक कंपनीत आहे. ती जपानी ट्रकवाल्यांशी जपानीत भांडते आणि जिंकते. मुक्ता तर दीड वर्षाची असताना इथे आली. ती रागावली की जपानीत बोलते, खूश झाली की जपानीत बोलते, आणि काही हवं असलं की मराठीत.

मुक्ता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला गेली आणि मी एक्सेल उघडलं. बत्तीस युनिव्हर्सिट्या, चौदा कॉलम, हिरवा-पिवळा-लाल रंग. सगळीकडे चार वर्षांचं इंजिनिअरिंग. मुक्ताला काय हवंय, हा कॉलम तेवढा नव्हता. (फाइल आधीच जड झाली होती.)

"मुक्ता, बघितलीस का फाइल?"

"बघते."

"कॉम्प्युटर सायन्स हिरव्यात आहे बघ."

"बाबा, मला लहान मुलांबरोबर काम करायचंय."

"छानच आहे की! रविवारी करायचं."

ती शनिवारी जवळच्या पाळणाघरात पार्टटाइम कामाला जायची. चार-चार वर्षांची जपानी पोरं तिच्या अंगाखांद्यावर लटकलेली मी पाहिली होती. मला वाटायचं, इंजिनिअर होण्याआधी लोक असं काहीतरी करतातच. मी नाही का बारावीनंतर महिनाभर बासरी शिकलो होतो!

शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा स्मिता गेली, कारण मी गेलो असतो तर नुसती मान डोलावून आलो असतो. पुढे एकदा मुक्ता कसलासा फॉर्म घेऊन आली. मी मीटिंगमध्ये होतो. "शिक्का कुठे मारायचा?" एवढंच मी विचारलं. (इथे सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो.) तिने बोट ठेवलं तिथे मारला. वडिलांचं कर्तव्य आपण किती झटपट पार पाडतो, या विचाराने मला बरंही वाटलं.

आणि मग डिसेंबरातली ती संध्याकाळ. स्क्रीनवर पुण्यातले अकरा जण रांगेत बसलेले, कानावर हेडफोन, आणि मुक्ता धावत आली.

"बाबा! तान्दाई, उकात्ता!"

आता माझी जपानी बुद्धी कशी चालली ते पाहा. 'उकात्ता' म्हणजे पास झाले. हे मला ठाऊक होतं. युनिव्हर्सिटीला म्हणतात 'दाईगाकु'. हेही ठाऊक होतं. शिवाय मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांची नावं हे लोक कात्रीने कापून तोकडी करतात आणि शेवटी 'दाई' ठेवतात, हेसुद्धा ऑफिसात ऐकलेलं होतं. म्हणजे तान्दाई ही कुठली तरी बडी युनिव्हर्सिटी! माझ्या फाइलमध्ये ती नव्हती. पण माझी फाइल काय, वरच्या बत्तीसांचीच होती. ही त्यांच्याही वरची असणार!

मी हेडफोन काढून मुक्ताला घट्ट मिठी मारली. तिने आधी डोळे मोठे केले आणि मग ढसाढसा रडली. स्मिता दारात उभी होती, तीही डोळे पुसू लागली. एवढं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं.

"शिरीष, तू एवढा बदलशील असं खरंच वाटलं नव्हतं," स्मिता म्हणाली.

मी नक्की काय बदललोय ते मला समजलं नाही, पण मी नम्रपणे मान डोलावली. (सवय!)

माइक चालूच होता. पुण्यातला आमचा निखिल म्हणाला, "अभिनंदन सर! टॉप टेनमध्ये येते का?"

"टॉप फाइव्ह," मी म्हणालो.

त्यानंतर पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, मुक्ता तान्दाईत गेली!"

"तांदुळजा? तिकडे मिळतो?"

"भाजी नाही गं! तान्दाई! युनिव्हर्सिटी!"

"बरं बरं. मोठी आहे ना?"

"मोठी म्हणजे काय!"

आईने सोसायटीत अडतीस घरी पेढे वाटले. रात्रीपर्यंत फॅमिली ग्रुपवर 'जपानच्या जगप्रसिद्ध तान्दाई विद्यापीठात आमची नात' असा मजकूर फुलांच्या चौकटीत येऊन पडला. जगप्रसिद्ध हा शब्द आईचा, पण मी त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला. म्हणजे संमती माझीच.

एवढ्यावर थांबणारा मी नव्हे. बोरकरांना फोन करायचा राहिला होता. बोरकर आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा मुलगा त्सुकुबा युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग करतो, आणि ही गोष्ट ते हवामानाबद्दल बोलतानाही सांगू शकतात.

"बोरकर, मुक्ताला तान्दाई मिळाली हो."

पलीकडे बोरकर घसा साफ करून म्हणाले, "अरे वा! तान्दाई! ऐकून आहे मी. फार अवघड असते तिथली परीक्षा."

बोरकर इथे बारा वर्षं आहेत. त्यांचं जपानी माझ्याहून पाच वर्षांनी कमी आहे.

जानेवारीत कॉलेजकडून मुक्ताला एक जाड पाकीट आलं आणि घरात इलेक्ट्रिक पियानो आला. दिवसभर टिंग टिंग सुरू.

"पियानो कशाला गं?"

"कॉलेज सुरू होण्याआधी दहा गाणी बसवायला सांगितलीत."

"इंजिनिअरिंगला?" असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात माझा कॉल आला. नंतर मीच मनाशी म्हणालो, बघा, याला म्हणतात शिक्षण! आमच्या कॉलेजात पियानो सोडा, पंखा नव्हता. ती गाणी बेडकांची आणि हत्तीच्या सोंडेची होती, हे मला पुढे कळलं.

जानेवारीअखेर मंडळाचा तिळगुळ समारंभ होता. बोरकरांनी जाहीर केलं की यंदा मुक्ताचा सत्कार करायचा. मुक्ता म्हणाली, "मी स्टेजवर येणार नाही, हाझुकाशी." म्हणजे लाज वाटते. मग सत्कार स्वीकारण्याची जबाबदारी मी फारसे आढेवेढे न घेता अंगावर घेतली. शाल, नारळ, गुच्छ, समोर सत्तर माणसं, आणि हातात माइक. अशा वेळी माणसाने दोन शब्दांवर थांबावं. मी म्हणालो, "तान्दाई म्हणजे काय? तान्दाई म्हणजे शिस्त! तान्दाई म्हणजे तपश्चर्या! अठरा-अठरा तास अभ्यास केल्याशिवाय तिथे कुणाला उभं करत नाहीत!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून नाकामुरा-सान बसल्या होत्या. त्या तरुणपणी पुण्यात राहून मराठी शिकल्या आहेत आणि माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. त्यांनी हात वर केला.

"अभिनंदन! मुक्ता कोणत्या तान्दाईत जाणार आहे?"

"कोणत्या म्हणजे? तान्दाईत!"

"हो, पण तान्दाई पुष्कळ असतात ना. 'तान' म्हणजे आखूड. दोन वर्षांचं कॉलेज असतं, त्याला आम्ही तान्दाई म्हणतो." आणि मग अतिशय प्रेमाने, "फार छान असतात हो ती कॉलेजं!"

सभागृहात कुणीतरी तिळगुळाचा लाडू चावला, तो मला स्टेजवर ऐकू आला.

"म्हणजे... युनिव्हर्सिटी नाहीच?" बोरकरांनी विचारलं. हाच माणूस त्या परीक्षेच्या अवघडपणाबद्दल ऐकून होता! मागून कुणी फिस्सकन हसलं, मग दुसरं कुणी, मग रांगच्या रांग. मी शाल सारखी करत उभा राहिलो. ती काढून परत देण्याची काही पद्धत असते का, ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात स्टेजवर यायला लाजणारी माझी मुलगी तरातरा वर आली आणि तिने माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"बाबाला माहीत आहे," ती म्हणाली. "मला पाळणाघरात टीचर व्हायचंय. ते लायसन्स दोन वर्षांत मिळतं. माझ्या मैत्रिणीचे बाबा दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. माझ्या बाबाने मला मिठी मारली. बाबा आता चेष्टा करत होता."

बोरकर वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि नवऱ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की बोरकर टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच. एका मिनिटात मी ढोंगी बापाचा पुरोगामी बाप झालो. नाकामुरा-सान कमरेत वाकल्या. मीही वाकलो. नारळ निसटून गडगडत बोरकरांच्या पायाशी गेला.

घरी येताना बसमध्ये स्मिताने विचारलं, "तुला माहीत होतं ना रे?"

"हो तर!"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. हसत होती की काय, ते काचेत दिसलं नाही.

आता एखादा शहाणा बाप इथेच गप्प बसला असता. मी फेब्रुवारीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुणाला न सांगता त्या कॉलेजात गेलो. बेत साधा होता. प्रवेश रद्द करायचा, मुक्ताला एक वर्ष तयारीला द्यायचं आणि मग हिरव्या रंगातल्या युनिव्हर्सिटीत घालायचं. काउंटरवरच्या बाईंसमोर मी फोनवरचं भाषांतर धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याच फोनमध्ये उत्तर टाइप करून फोन अदबीने परत केला. त्यावर मराठीत आलं होतं: 'आदरणीय वडील, आपली कन्या अठरा वर्षांची प्रौढ व्यक्ती आहे. हा निर्णय तीच करू शकते. आपण थकलेले दिसता. कृपया बसा.'

मी बसलो. खरंच थकलो होतो.

आणि जिन्यावरून पियानोची वही छातीशी धरून चार मुली खिदळत खाली आल्या. त्यातली एक मुक्ता! नव्या मुलींसाठी त्या दिवशी सरावाचा वर्ग होता. (पाकिटात लिहिलेलं होतं म्हणे.)

"बाबा? तू इथे काय करतोयस?"

"मी... स्टेशनपासून किती मिनिटं लागतात ते बघत होतो."

तिने माझ्याकडे बघितलं, काउंटरकडे बघितलं, मैत्रिणींना काहीतरी सांगून पुढे पाठवलं आणि माझ्या शेजारी बसली.

"रद्द करायला आलास ना?"

माझी मान आपोआप डोलली. यावेळी नेमकी खरी डोलली.

"मला खरंच माहीत नव्हतं गं, मुक्ता. मला वाटलं, तान्दाई म्हणजे कुठलीतरी..."

"मला माहीत होतं की तुला माहीत नाही," ती म्हणाली. "तू कॉलवर असतानाच सांगायचं मी ठरवलं होतं. कॉलवर असलास की तू सगळ्याला हो म्हणतोस. पण तू मिठी मारलीस. ते प्लॅनमध्ये नव्हतं. मग मला कळेचना, खरं कसं सांगू."

"मग मंडळात तसं का बोललीस?"

"सगळे तुला हसत होते ना, बाबा."

नंतर ती मराठीत, अगदी सावकाश, शब्द शोधत बोलली. पाळणाघरात एक मुलगा आहे, तो सहा महिने कुणाशी बोलत नव्हता. परवा तो तिच्याशी बोलला. काय बोलला, तर "शू आली." ते सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, की माझ्या चौदा कॉलमांत तो बसवायला जागा नव्हती. मी एवढंच विचारलं, "स्टेशनपासून नक्की किती मिनिटं लागतात?"

"बारा. तुला वीस लागतील."

एप्रिलात कॉलेज सुरू झालं. आता तिला घरचा अभ्यास असतो. मोठाली चित्रं एकेक करून मागे सरकवत मुलांना गोष्ट सांगायची. सरावाला श्रोता लागतो. स्मिता कामावर असते, म्हणून मला सतरंजीवर मांडी घालून बसवतात. पहिल्या दिवशी गोष्ट होती एका कोल्ह्याची टोपी हरवते त्याची. मुक्ता जपानीत हळूहळू, गोड आवाजात, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत होती. आणि अर्ध्या गोष्टीत माझ्या लक्षात आलं की मला सगळं कळतंय! अक्षरन् अक्षर! सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी आख्खी गोष्ट जपानीत बोलत होतं आणि मी मान डोलावण्याआधी समजून घेत होतो! मी तर हात वर करून जपानीत प्रश्नही विचारला, "टोपीचा रंग कोणता?" मुक्ताने टाळ्या वाजवून माझ्या हातावर चांदणीचं स्टिकर लावलं. ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तसंच लावून गेलो.

सध्या मी तीन वर्षांच्या मुलांच्या गटात आहे. मुक्ता मॅडम म्हणतात, मांडी मोडली नाही आणि मध्येच फोन बघितला नाही, तर पुढच्या वर्षी चार वर्षांच्या गटात घालायला हरकत नाही.