शेखची चिप, कुलकर्णीची चिप

किस्से माळ्यावरच्या रद्दीसारखे साठत जातात, काढायचं कुणी मनावर घेत नाही. आमचे कामाला आले ते शेखला झटका येऊन त्याची वाचा गेली तेव्हा. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं बोलत राहा, बोलू लागेल कदाचित." मी, कुलकर्णी आणि शेख दिल्लीत एकाच मंत्रालयात नोकरीला, राहायलाही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, एकाच ब्लॉकमध्ये. मग ऑफिस सुटलं की आम्ही दोघं रोज त्याच्या खाटेशी बसून बडबडायचो.

कुलकर्णीच्या होम कॉम्प्युटरात झेड-एटी चिप, शेखच्यात सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टू. दर रविवारी दोन्हीवर एकच मोजणीचा प्रोग्राम लावायचा आणि घड्याळ धरून पंच मी. कुलकर्णी म्हणायचा, "माझ्या चिपचा क्लॉक तिप्पट आहे, सेकंदाला तिप्पट ठोके." शेख शांतपणे, "यार, तुझी तीन पावलं, माझी एक ढांग."

मे महिन्यात कूलर लावला की व्होल्टेज पडून प्रोग्राम पुसला जायचा. म्हणून कूलर बंद! बायका-मुलांसकट अकरा माणसं घामाने निथळत पडद्याकडे बघतायत. शेखची बायको रुखसानावहिनी म्हणाल्या, "चिपा थंड आहेत हो, माणसं तापलीत."

तेव्हा प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवरच साठवायचे. एकदा कुलकर्णीने तो चुकून आरतीच्या कॅसेटवर भरला. गणपतीत सगळे हात जोडून उभे, आणि स्पीकरमधून चर्र-चीं, चर्र-चीं. शेख डोळे मिटूनच म्हणाला, "झेड-एटीचाच आहे. किती रडतोय बघा."

संक्रांतीला बसने पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला गेलो. तिथेही यांची चिपांवरून कुजबुज चालूच. मी वैतागलो, "इथे तरी भांडू नका रे." शेख म्हणाला, "पानिपतावर भांडायचं नाही तर कुठे?"

असं सांगत तीन आठवडे गेले. शेख डोळ्यांनी हसायचा, पण शब्द नाही. मला भीती वाटायला लागली होती. एकदा घरी येऊन मी चक्क रडलो.

एका बुधवारी कुलकर्णी आला आणि खुर्ची ओढून शेखचा हात हातात घेतला.

"काल दोन्ही मशीनं लावली. तुझं चार सेकंद पुढे. मी हरलो, शेख. बिल्कुल हरलो."

इतक्या वर्षांत त्याने हे कधी कबूल केलं नव्हतं. आणि शेखचं मशीन तर झटका आला तेव्हापासून वहिनींनी चादरीत बांधून कपाटात ठेवलेलं होतं, मीच मदत केली होती.

शेख त्याच्याकडे बघत राहिला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"पर... परत मोज."