एक भोक खाली

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या दुकानात गिऱ्हाइकाला नट-बोल्ट दाखवत होतो. काविळीचं निमित्त झालं... दीड महिना झाला. लोक म्हणतात, सलीमभाऊ, तुम्ही त्याचे जिवलग, चार शब्द लिहा. लिहितो, पण त्यात माझी काही शोभा व्हायची नाही.

किसन घाटघरचा. नव्वदच्या दशकात पुण्याच्या ट्रेकवाल्यांना जीवधन किल्ल्याचे कडे चढवायचा. एकदा पडला, खुबा मोडला, डावा पाय कायमचा अधू झाला. दुसरा गप्प बसला असता. हा पठ्ठ्या मंचरला कॉम्प्युटर शिकला आणि माझ्या दुकानामागच्या गोदामात त्यानं चढायला प्लायवूडची भिंत उभी केली. भिंतीला चार-चार बोटांवर भोकं, त्यांत बोल्टनं आवळायच्या लाकडी मुठी. चढणाऱ्याची उंची, हाताचा आवाका, पाय किती उचलतो, हे तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा. कुठली मूठ कुठल्या भोकात, ते त्याचा प्रोग्रॅम कागदावर छापून द्यायचा. कागद बघून मुठी आवळायचं काम माझं. मी चेष्टा करायचो, "कड्यावर काय देवानं तुजं माप घेतलं व्हतं?" तो हसायचा नाही. अधू पायानिशी एकदा वरपर्यंत जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

स्वतःसाठी काढलेल्या मुठींच्या वाटेवर तो महिनाभर शेवटच्या मुठीपाशी सुटत राहिला. हात चार बोटं कमी पडायचा. मला बघवेना. एका सकाळी तो यायच्या आत मी ती मूठ एक भोक खाली घेतली. त्या दिवशी तो पोचला. वरून ओरडला, "सलीमभाऊ, लई भारी! मशीन बरोबर व्हतं राव!" मी टाळ्या वाजवल्या...

हुकणारी मूठ हाताला आली, म्हणजे अंग मोकळं झालं, असं धरून त्यानं प्रोग्रॅममध्ये आपला आवाका चार बोटं वाढवला. पुढची प्रत्येक वाट त्याच्या हाताबाहेर गेली. शेवटी कमरेचा दोर सोडत म्हणाला, "मशीन चुकत न्हाई. अंगच गेलं माजं." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. लाज वाटली. तो पुन्हा भिंतीकडे फिरकला नाही.

परवा घाटघरला गेलो. सुनंदावहिनींनी, त्याच्या बायकोनं, चहा ठेवला. म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हनायचे, मीच कमी पडलो. तुमी व्हता ना तितं? खरंच कमी पडले का वो?"

मी 'हां' म्हणालो.

वहिनींनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर पदरानं पुसला. रोज पुसतात म्हणे. त्यात किसनचा हात अजून चार बोटं लांबच आहे.