पोत्यांच्या काट्यावरच्या बाया

आमच्या गावच्या नर्सबाईंनी कुणाला "बरं हाय का?" असं विचारलेलं मला आठवत नाही. दारात उभ्या राहून त्या एवढंच म्हणत, "चला, चढा काट्यावर." काटा तरी कसला, तर सेलूच्या धान्याच्या मोंढ्यातून मागून आणलेला, पोती तोलायचा. गावानं त्यांची यथेच्छ टिंगल केली. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून एसट्या बंद असल्या की त्या वालूरहून चालत येत. काटा माझ्या शाळेत ठेवलेला, म्हणून वही लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दसऱ्याला माणसं ऊसतोडीला निघाली, तेव्हा बाईंनी एकेक जोडपं तोललं; नवऱ्याचं वजन एका पानावर, बायकोचं दुसऱ्यावर. मी कंटाळून म्हणालो, सरकारी फॉर्मात घराला एकच ओळ असते, मुकादमसुद्धा नवरा-बायको मिळून एकच कोयता धरतो, मग तुम्हालाच कशाला दोन पानं? त्या म्हणाल्या, "घर एक हाय गुरुजी, पण उपास एकीच्याच वाट्याला येतो."

त्यांना गावात बायांसाठी आहार केंद्र हवं होतं. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की बाया गड्यांपेक्षा जास्त वाळतात हे कागदावर दाखवा, आणि वही चावडीवर सगळ्यांसमोर वाचून मग पाठवा. त्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परतली. त्यांतली गया दसऱ्याला अंगानं चांगली होती. आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आणि काट्यावर ती दसऱ्यापेक्षा जड भरली! तिच्या मागच्या दोघीही तशाच. मला वाटलं, काटा बिघडला. बाईंनी गयाला मागच्या खोलीत नेऊन दार लोटलं. मी वही घेऊन दाराशीच होतो; आतलं सगळं मला ऐकू येत होतं. कमरेला, लुगड्याच्या आत, फडक्यात बांधलेले दगड निघाले.

गया रडली नाही. म्हणाली, "मी वाळले हे चावडीवर वाचलं, तर मुकादम आमचा कोयता घेणार न्हाई. मग मालक मला घरात ठिवतेल का, बाई?" सगळ्याजणींनीच दगड बांधलेत, हेही तिनं सांगून टाकलं.

 बाईंनी तिला ते फडकं पुन्हा बांधायला लावलं, बाहेर आणलं आणि सगळ्यांदेखत काट्यावर चढवलं. मला म्हणाल्या, "लिहा गुरुजी, काटा सांगतोय ते." मी लिहिलं. माझ्याच वळणदार अक्षरात गावातल्या बाया सुधारल्या. केंद्र दुसऱ्या गावाला गेलं.

बाईंनी काटा परत पाठवला. पुढं त्यांची बदली पोखर्णीकडं झाली. थांब्यावर सोडायला गेलो, तेव्हा राहवलं नाही. साहेबांना खरं सांगायला हवं होतं, असं बोलून गेलो. काय शहाणपणा सुचला होता मला, देव जाणे. बाई चिडल्या नाहीत, फार थकल्या होत्या. "गयाचं घर मोडून जेवायला कुणाला घालणार होते मी?" म्हणाल्या. गाडी दिसायला लागली, तेव्हा पिशवी उचलत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी बाई कधी जेवतात, गुरुजी?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रोज दोन वेळा तिनं मला गरम भाकरी वाढली होती. तिला जेवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.