आवळलेले टॅपेट

माझ्या मोठ्या भावाची गाडी रोज मोताळ्याहून चार शिक्षकांना त्यांच्या शाळेच्या गावी नेते आणि संध्याकाळी परत आणते. या अपडाउनवरच त्याचं घर चालतं. गाडी जुनी, गॅसवर चालणारी. सुरू केली की इंजिनातून टकटक यायची.

"गाडी हाय का पिठाची गिरणी?" मागच्या सीटवरचे सर विचारत. दुसरी गाडी पाहू, असंही ते एकदा हसत म्हणाले. भाऊ त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे गेला. थोडा आवाज राहू द्यावा, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. भावाने ऐकलं नाही. व्हॉल्व्हवरचे टॅपेट आवळून मधली फट बंद करून घेतली. टकटक थांबली. सर खूश झाले.

पावसाळा संपता संपता गाडीची ओढ गेली. उभी असताना ती थरथरायची, चढावर दम टाकायची. मिस्त्रीने प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. तिसऱ्यावर काटा निम्म्यातच थांबला. त्याने त्यात थोडं ऑइल ओतून पुन्हा मोजलं. काटा वर सरकला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. मग त्याने दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असा पिस्टन वर आणला, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरायला सांगितलं.

"येते का हवा?"

"येते."

"एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळला," तो भावाला म्हणाला. "फट ठेवा लागते, भाऊ. गरम झाला का व्हॉल्व्ह लांबते. फटच नसली तं पुरा बसत नाही अन् जळते. मी सांगतलं होतं तुमाले."

"मंग त्या सरायले सांगाले पायजे होतं तू," भाऊ म्हणाला.

इंजिनाचं हेड उतरवून खामगावला लेथच्या कारखान्यात न्यावं लागणार होतं. भाऊ बाजूला जाऊन सरांशी बोलला. फोन स्पीकरवर होता.

"सर, दोन-तीन रोज गाडी बंद राह्यते."

"काही हरकत नाही. आम्ही दुसरी सांगतो."

"तेवढ्यापुरतीच ना, सर?"

"पाहू," सर म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. फोन कटला.

मिस्त्री पाना घेऊन उभा होता. "खोलू का हेड?"

रस्त्याने सवाऱ्यांनी भरलेली एक गाडी गेली. ती वळणाआड जाईपर्यंत भाऊ तिच्याकडे पाहत राहिला.

"खोल," तो म्हणाला.