घरोबा आणि थ्रपल

परवा नातीने मला नवा शब्द शिकवला. थ्रपल. बाळकुमच्या तिच्या फ्लॅटवर आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो. दोघांचं कपल, तसं तिघांचं थ्रपल, म्हणे.

“म्हणजे मी, तुझे आजोबा आणि माझी सासू! कोपरीला एका खोलीत.”

“आजी, काहीही काय! तिघांचं एकमेकांवर प्रेम लागतं. आणि तिघांची मर्जी.”

“मग सासू बाद.”

ती हसली नाही. हळूच म्हणाली, तिच्या मित्राला आता आणखी एक मुलगी आवडते. त्याला दोघी हव्यात. रविवारपर्यंत हिने हो म्हणायचंय.

मला माझे जुने रविवार आठवले. ह्यांच्या ऑफिसातली एक बाई दर रविवारी डोंबिवलीहून आमच्याकडे जेवायला यायची. माझं वय तेवीस, अक्कल त्याच्या निम्मी. “आमची बायको मोकळ्या मनाची आहे हो,” असं हे तिला सांगायचे आणि मी कौतुकाने फुगून तिच्या पानात आणखी दोन पुऱ्या वाढायचे. शेजारच्या कोळीणबाईंनी एकदा दारात विचारलं, ही कोण? मी पुस्तकातला छानसा शब्द काढला. “आमच्या ह्यांचा तिच्याशी घरोबा आहे.”

माझ्या लेखी घरोबा म्हणजे येणं-जाणं. त्यांच्या बोलण्यात घरोबा म्हणजे लग्नावाचून मांडलेला संसार.

“अगो बाय, आनि तू हसून सांगतंस?”

त्यांचा चेहरा बघितला आणि मला उमगलं, शब्द चुकला होता तो माझाच. ह्यांचं आणि त्या बाईचं जे चाललं होतं, त्याला कोळीणबाईंचाच अर्थ बरोबर बसत होता. पण आता भांडणार कशी? घरोबा आहे असं चाळभर मीच सांगून बसले होते. सासूबाईंकडे रडले, तर त्या म्हणाल्या, “मोकळं मन ना गं तुझं?” त्या कौतुकातून बाहेर पडायला वाटच सापडेना. अकरा वर्षं तिला पुऱ्या वाढत राहिले.

हे सगळं मी नातीला पहिल्यांदाच सांगितलं. मग विचारलं, “नाही म्हणालीस तर तो काय म्हणेल?”

“जुन्या विचारांची म्हणेल.” तिचे डोळे भरले. “पण मला तो हवाय गं.”

“मलाही तुझे आजोबा हवेच होते.”

 तिने गवार बाजूला सारली आणि बाल्कनीचं दार लोटून त्याला फोन लावला. “नाही, मला नाही चालणार,” असं दोनदा ऐकू आलं. दुसऱ्यांदा आवाज रडवेला होता.