इंटरव्ह्यूत घेतलेलं नाव

गेल्या मंगळवारी इथे सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका ऑफिसात मी स्वतःचं हसं करून आले. कालपर्यंत कुणाला बोलले नाही, घरातसुद्धा नाही. आज लिहिते… कारण मनात ठेवून ठेवून डोकं फुटायची वेळ आली आहे.

आमचे हे पांडेसऱ्यात डाईंग मिलमध्ये आहेत. एकोणीस वर्षं त्या वाफेत आणि केमिकलमध्ये काढली, आता खोकला थांबत नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे काम सोडा. सोडा म्हणे… आणि खायचं काय? मी घरी साड्यांना स्टोन चिकटवते, त्यात काय भागणार!

म्हणून एका साडीवाल्यांकडे फोन घ्यायची जागा निघणार असं कळलं, तेव्हा मी उधन्याला इंग्लिशच्या क्लासमध्ये नाव घातलं. बाहेरचे व्यापारी बोलणार, इंग्लिश पाहिजेच.

शिकवणारी हेतलबेन माझ्या निम्म्या वयाची. पोरगी गोड आहे, पण ते आय-मी-माय आणि ही-हिम-हिज… देवा रे! मी, मला, माझं जन्मभर बोलत आले, कधी विचार करावा लागला नाही. इंग्लिशमध्ये तोंड उघडलं की 'हिम इज कम' बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावरची पोरं खुसखुसायची. दोन महिने रडत घरी आले. खरंच सांगते, रडत.

मग हेतलबेनने एक युक्ती सांगितली. घरातल्या एका माणसाचं नाव घालून पाच वाक्यं लिहा, मग नाव खोडून तिथे ही, हिम, हिज लिहा. मी ह्यांच्यावर लिहिली, पण वर्गात मोठ्याने वाचायची होती, म्हणून सगळी वाक्यं पहिल्यापासून नावाशिवायच.

लग्नाला बावीस वर्षं झाली. फॉर्मवर ह्यांचं नाव लिहिते, पण तोंडाने घेत नाही. आमच्या खानदेशात जुन्या घरांतल्या बायका घेतच नाहीत… घ्यायचंच तर उखाण्यात. हे, ह्यांना, ह्यांचं, एवढ्यावर माझा सगळा संसार चालला आहे. त्या दिवशी मात्र ते ही-हिम-हिज एकदम डोक्यात शिरलं. स्टोन लावता लावता म्हणत बसायची… आय सी हिम, ही सीज मी.

मंगळवारी इंटरव्ह्यूत तिथल्या मॅडमनी घरच्यांबद्दल बोलायला सांगितलं. ही वर्क्स इन अ मिल, आय कुक फॉर हिम, हिज हेल्थ इज नॉट गुड. एक चूक नाही! मॅडम मान डोलवत होत्या. मनात म्हटलं, झालं काम, आता ह्यांना मिलमधून सोडवते.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "हू इज ही? नेम प्लीज."

नाव जिभेवर येईचना. टेबलापलीकडे मॅडम आणि एक साहेब वाट बघत बसलेले. शेवटी डोळे मिटून तोंड उघडलं, तर मांडवात घेतला होता तो अख्खा उखाणाच बाहेर पडला… "तापीच्या काठी गव्हाची रास, …रावांचं नाव घेते तुमच्यासाठी खास."

इंग्लिशच्या इंटरव्ह्यूत! साहेब मान खाली घालून हसायला लागले. मॅडम हसल्या नाहीत, फोन करू एवढंच म्हणाल्या. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

फोन आला नाही. काल क्लासमध्ये कळलं, त्या जागेवर दुसरी मुलगी लागली.

काल संध्याकाळी ह्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील, निदान चिडतील. हे ना हसले, ना चिडले.

"तुझ्या तोंडून माझं नाव मांडवात ऐकलं होतं," मग म्हणाले. "त्यानंतर एकदा घेतलंस… ते पण मी नसताना."

मग म्हणाले, आता घे. मी तोंड उघडलं. समोर हे बसलेले, माझ्याकडे बघत… आणि मी विचारलं, चहा ठेवू का.

आज सकाळी डबा घेऊन हे परत त्याच मिलमध्ये गेले. खोकण्याचा आवाज जिन्यावरून खालपर्यंत ऐकू येत होता. तो बंद झाल्यावर मी दार लावलं आणि दाराला टेकून एकदा मोठ्याने नाव घेतलं. उखाण्याशिवाय, नुसतं नाव.

स्पष्ट आलं. घरात कुणीच नव्हतं.