चिंचोक्यांचे आठ

पन्नासच्या दशकात मी ब्रह्मपुरीजवळच्या एका गावी शाळामास्तर होतो आणि गणिताच्या एम.ए.ला बाहेरून बसलो होतो. एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालास तर शेतीवर परत ये, असे वडिलांनी बजावले होते. माझे अडले होते ते आज ज्याला जनक फलन म्हणतात त्यापाशी.

पुस्तकात चार नाण्यांचे उदाहरण होते. मी नाण्यांऐवजी चिंचोके घेतले. चिंचोका फोडला की डाळीचे एक अंग पांढरे, एक तपकिरी. अशा चार डाळी फेकून, पडेल त्या दानाइतकी घरे सोंगटी चालवत, आमच्याकडे घरोघर पट खेळत. दोन्ही अंगांची शक्यता सारखी धरली. प्रत्येक दानाची शक्यता क्षच्या एकेका घाताला सहगुणक म्हणून जोडायची. मग अवकलन करून क्षच्या जागी एक घातला की सरासरी मिळते. पुस्तकाप्रमाणे ती दोन. माझी अडीच येई.

अवकलन तपासले, सहगुणक तपासले. चूक सापडेना. विचारावे असे जवळपास कोणी नव्हते. पुस्तकच चुकले आहे असे ठरवले. मग परीक्षेत काय लिहावे, ते ठरेना.

दिवाळीत वडशाला थोरल्या बहिणीकडे गेलो. ती जावेबरोबर ओसरीवर पट खेळत होती. चारही डाळी तपकिरी पडल्या.

"आठ!" बहीण ओरडली.

"पाहा भाऊ," जाऊ म्हणाली, "तुमी आले अन् हिले आठ पडले!"

मी आधीच वैतागलेला. "पांढरी एकही नाही. आठ कशाचे?"

"काऊन रे?" बहीण म्हणाली. "पुस्तकानं तुले पट बी भुलवला का? काईच नाई पडलं तं आठ. याच आठासाठी रडत होता तू लहानपणी."

पांढरी एकही नाही, तिथे शून्य घात हवा होता. माझ्या हाताने सवयीने आठवा घात लिहिला होता. पुस्तक छापे, म्हणजे पांढऱ्या डाळी, मोजत होते, मी सोंगटीची घरे. घरांची सरासरी अडीचच होती. क्ष म्हणजे काय, यावर मी वर्षभर डोके फोडले. घात काय मोजतो, हे विचारायला हवे होते.

परीक्षेत नाण्यांचाच प्रश्न आला. आधी एक ओळ लिहिली: घात म्हणजे वर पडलेल्या छाप्यांची संख्या. मग गणित सोडवले.

पास झालो, तिसऱ्या श्रेणीत. माझ्यासाठी राखलेली धानाच्या शेतातली बांधी वडिलांनी धाकट्या भावाला दिली.